कडीला बांधलेली चिंधी

धुळे
शनिवार, ६ जानेवारी २०२४

शिल्पे,

'प्रिय' लिहायला पेन टेकवलं होतं, पण पुढे सरकलं नाही. तू मला फोनवर ब्लॉक केलंस, व्हॉट्सअॅपवर केलंस, तुझ्या त्या 'सुट्टीचा खजिना' पेजवरही केलंस. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही, म्हणून हे रजिस्टर पत्र. पोचपावती जोडली आहे. सही तूच कर. तुझं अक्षर मी पाचवीपासून ओळखते. तुझ्या प्रगतिपुस्तकावर तुझ्या वडिलांची सही मीच ठोकत होते, हे विसरू नकोस.

आज महिन्याचा पहिला शनिवार, आपला भटकंतीचा दिवस. सकाळी सवयीनं स्कूटी अंगणात काढली, सीट पुसली, आणि मग लक्षात आलं की तू येणार नाहीस. आई ओट्यावर उन्हाला बसली होती. तिनं विचारलं, "शिल्पी नही उनी का वं?" म्हटलं, तिला काम आहे. "मंग मन्हं तपेलं कथा शे?" आता या बाईला मी काय सांगू? ऐंशी वर्षांची द्रौपदाबाई, दुपारी जेवली की नाही ते विसरते, लग्नातलं तांब्याचं तपेलं विसरत नाही. तुझ्या फोटोसाठी ते तिच्याकडून उसनं मागून आणलं होतं मी. तिची समजूत काढायला दोन दिवस लागले होते.

असो. सरळ मुद्द्यावर येते. तो व्हिडिओ काढून टाक.

२६ डिसेंबरपासून तो किती वेळा पाहिला, मला सांगता येणार नाही. तू पांढऱ्या भिंतीसमोर बसलीस, केस बांधलेले, डोळे ओले, आणि म्हणालीस, "सोनगीरच्या एका कारागिरावर मी विश्वास ठेवला. त्याची कल्हई खोटी निघाली आणि माझ्या अकरा पाहुण्यांच्या जिवावर बेतलं." आणि मध्येच नूर महंमदचाचांचा जुना व्हिडिओ लावलास. भट्टीवर भांडं फिरवताना हसणारे चाचा. चेहरा स्पष्ट, दुकान स्पष्ट, बाजूचा पिंपळाचा पारही स्पष्ट. तो व्हिडिओ मी काढला होता गं, माझ्या फोनवर, चार वर्षांपूर्वी. ते हसले होते कारण मी म्हटलं होतं, "चाचा, जरा दात दाखवा."

कल्हई खोटी निघाली म्हणे! कल्हई झालीच नव्हती. तू करू दिली नाहीस. त्या दुकानात मी तुझ्या शेजारी उभी होते की. "आतून चांदीसारखं झालं की तांब्याचा लाल रंग झाकला जातो, फोटोत मजा येत नाही," असं तू म्हणालीस. चाचांनी मान हलवली. म्हणाले, "बेटी, पाण्याचा हंडा असता तर तसाच दिला असता. हे तपेलं आहे. यात कोणी ना कोणी आंबट टाकणारच." तू हट्टाला पेटलीस. शोभेला ठेवणार, झेंडूची फुलं ठेवणार, शपथ घेते. मग मीच मध्ये पडले. "द्या हो चाचा, शिकलेली आहे ती." तेव्हा कुठे त्यांनी नुसतं घासून-पुसून दिलं आणि कडीला काळी चिंधी बांधली. कच्चं भांडं त्यांच्या दुकानातून चिंधीशिवाय बाहेर जात नाही. आजूबाजूच्या गावांत शेंबड्या पोराला ठाऊक आहे, नूर महंमदची चिंधी दिसली की त्या भांड्यात अन्न घालायचं नाही.

मग ती चिंधी सुटली कशी, हे तू व्हिडिओत सांगितलं नाहीस.

बाकीचं मला लताबाईंनी फोनवर सांगितलं. तुझ्या मळ्यावर त्या दिवशी सहलीच्या पाहुण्यांच्या स्वयंपाकाला होत्या ना. मठ्ठा त्यांनी स्टीलच्या डेगीत केला होता. आदल्या संध्याकाळी तो तू तपेल्यात ओतलास, सकाळच्या कोवळ्या उन्हात फोटो छान यावा म्हणून. सकाळी लताबाईंनी वाकून पाहिलं आणि विचारलं, "ताई, आतून लाल कसं हे? कल्हई नाही का?" तर तू म्हणालीस, "तांब्यातलं तब्येतीला चांगलं असतं, लताबाई." अगं बाई, पाणी! पाणी चांगलं असतं! ताक कळकतं त्यात, विष होतं. आमच्या म्हातारीला झोपेतून उठवून विचारलं असतंस तरी तिनं सांगितलं असतं.

बरं, चूक होते माणसाकडून. पाहुण्यांतल्या त्या सत्तरीतल्या आजोबांना सलाईन लावल्याचं कळलं तेव्हा मी शाळेत रजेचा अर्ज लिहायला घेतला होता, जळगावला तुझ्याजवळ यायला. मुख्याध्यापकांच्या टेबलावर अर्ज ठेवला आणि तेवढ्यात फोनवर तुझा व्हिडिओ आला. अर्ज परत उचलून घेतला. चूक तुझ्या अंगणात झाली होती. ती उचलून तू चाचांच्या दारात नेऊन टाकलीस.

व्हिडिओ काढ आणि खरं सांग. दोन मिनिटांचं काम आहे.

दिपमाला

ता. क. तपेलं आईचं आहे. ते परत पाठव.


धुळे
सोमवार, १५ जानेवारी

शिल्पे,

पोचपावती आली. सही तुझीच. म्हणजे वाचलंस. व्हिडिओ अजून तिथेच आहे, शाळेतल्या एका बाईंच्या फोनवर पाहिला.

काल रविवारी मी सोनगीरला जाऊन आले. एकटी. हायवेवरून आत वळलं की आपण दोघी काय करायचो आठवतं? मी स्कूटी बंद करायचे आणि उतारावरून गाडी आवाज न करता खाली सोडायचे. तू मागे हात पसरून बसायचीस. तुझ्या पेजवरच्या 'लहान आनंदांच्या' यादीत हे तिसऱ्या नंबरवर आहे, वाचलं मी. "उतारावर गाडी बंद करून वारा ऐका." छान लिहिलंयस. यादीतलं सगळंच ओळखीचं आहे. जळगावात कढईतून काढलेले गरम केळ्याचे वेफर्स कागदात घेऊन तिथल्या तिथे संपवायचे. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजताना धुराच्या बाजूलाच बसायचं, म्हणजे केसांना दोन दिवस भरताचा वास राहतो. सोनगीरच्या किल्ल्यावर दुपारी चारनंतर चढायचं. कल्हईवाल्याकडे नवसागराचा पांढरा धूर उठतो तो बघायचा. "मला हे एकटीनं भटकताना सापडलं," असं वर लिहिलंयस. एकटीनं! स्कूटी काय आपोआप चालत होती का गं?

ते जाऊ दे. मला त्याचं वाईट वाटलं, खूप वाटलं, पण त्यासाठी मी रजिस्टर पत्र पाठवलं नसतं.

चाचांची भट्टी थंड होती. भात्यावर गोणपाट टाकलेलं. गेल्या पंधरा दिवसांत एक भांडं आलं नाही. आधी आलेली भांडीही लोक परत घेऊन गेले. शिंदखेड्याहून एक बाई तिच्या तीन पराती न्यायला आली आणि दारातूनच म्हणाली, "केली असेल तरी राहू द्या, आम्ही दुसरीकडे करून घेऊ." केलेली कल्हई, शिल्पे! पन्नास वर्षांचा हात आहे त्या माणसाचा. कापसाच्या बोळ्यानं कथील असं फिरवतात की भांड्यात आपलं तोंड दिसावं.

तुझ्या व्हिडिओखालच्या कमेंट वाचल्यास का? मी वाचल्या. कल्हईबद्दल दोन होत्या. बाकी सगळ्या त्यांच्या नावाबद्दल होत्या. तू नाव घेतलं नव्हतंस हे खरं, पण दुकानावरची पाटी दाखवलीस ना. त्यातली एकही कमेंट तू पुसली नाहीस. उलट वर हात जोडलेलं चित्र टाकून लिहिलंस, "तुमच्या पाठिंब्याबद्दल आभारी." त्या ओळीनंतर मी फोन उशीखाली ठेवला आणि रडले. संतापानं रडले, गैरसमज नको.

जमीलाचाचीनं मला चहा विचारला नाही. दरवेळी आपण पोचायच्या आधी ती शेगडीवर भांडं ठेवायची, बिनआल्याचा तुझा आणि आलं ठेचून माझा. काल तिनं पाट सरकवला आणि उभी राहिली. चाचा म्हणाले, "बेटी, तूच सांग लोकांना. तू होतीस. मी बांधली होती ना चिंधी?"

मी म्हटलं, चौकशी करते.

तपेलं पाठव. आत कथलाचा कणही नाही हे कोणालाही दाखवता येईल. आणि चिंधी तू सोडलीस की दुसऱ्या कोणी, तेही स्वतःच्या तोंडानं सांग.

दिपमाला


धुळे
रविवार, २१ जानेवारी

शिल्पा,

काल एसटीच्या पार्सलानं तपेलं आलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, सुतळीनं बांधलेलं. सगळे कागद एकेक उलगडून पाहिले मी. वेडीच आहे. आत चिठ्ठी नव्हती. तळाला हिरवट डाग मात्र होता, तळहाताएवढा.

आईनं तपेलं मांडीवर घेतलं, आत बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "यामा ताक कोनी टाकं?" तिला कोणी काही सांगितलेलं नाही बरं का. मी म्हटलं, शिल्पाकडून चुकून पडलं. आई म्हणाली, "ती पोरले कोनी सांगं नही का?"

सांगितलं होतं. सगळ्यांनी सांगितलं होतं.

आज तुला एक विचारायचं आहे, भांडायचं नाही. आपले शनिवार कशासाठी सुरू झाले होते, आठवतं का? तुझ्या पेजवर तू लिहितेस, "धकाधकीच्या जगण्यातून स्वतःला दिलेला वेळ." कसली धकाधक? तू तेव्हा माहेरी परत आली होतीस आणि तीन महिने त्या मागच्या खोलीतून बाहेर पडली नव्हतीस. तुझी आई ताट दाराशी ठेवायची आणि तसंच उचलायची. मी शाळा सुटली की यायचे, खिडकीबाहेर बसायचे, तू बोलायची नाहीस. एका शनिवारी मीच चिडले. म्हटलं, "ऊठ. एक चांगली गोष्ट बघून येऊ. एकच. आवडली नाही तर परत आणून सोडते." आणि स्कूटीवर घातली तुला. कुठे न्यायचं ते मलाच माहीत नव्हतं. आईच्या पितळी डब्याला कल्हई करायची होती, म्हणून सोनगीर.

चाचांनी डबा तापवला, नवसागर टाकला, धूर उठला, कथलाची कांडी टेकवली आणि कापसाचा बोळा असा फिरवला की काळा डबा डोळ्यांदेखत उजळला. तू म्हणालीस, "परत करा ना." तीन महिन्यांनी तू काही मागितलंस, शिल्पा. चाचांना काय समजलं कोण जाणे. त्यांनी स्वतःच्या घरातली वाटी आणली आणि तुझ्यासाठी पुन्हा कल्हई केली. तिला गरज नव्हती, चांगली होती ती. घरी जाताना तू मागे बसून माझा खांदा घट्ट धरला होतास आणि म्हणालीस, "पुढच्या शनिवारी?"

ती वाटी चाचांनी तुला देऊन टाकली. तुझ्याकडे आहे अजून? मीठ ठेवायचीस त्यात.

ज्यानं तुला त्या खोलीबाहेर काढलं, त्याचंच नाव तू असं मातीत घातलंस. मला हे गिळता येत नाहीये. मी फार विचार केला, तू घाबरली असशील, पाहुणे पोलिसांत जातील म्हणून भीती वाटली असेल, तुझं एवढं उभं केलेलं सगळं जाईल असं वाटलं असेल. मान्य. पण तुला खोटं बोलायचंच होतं तर माझं नाव घ्यायचंस ना. दिपमालानं भांडं दिलं, दिपमालानं सांगितलं नाही. मी चार दिवस रागावले असते आणि मग सोसलं असतं. तू त्यांच्याकडे बोट दाखवलंस, कारण त्यांच्याबद्दल लोक लगेच विश्वास ठेवतील हे तुला माहीत होतं. हे ठरवून केलंस का, की तोंडातून आपोआप आलं? त्यातलं जास्त वाईट कुठलं, ते मला अजून कळलेलं नाही.

दिपमाला


धुळे
मंगळवार, ३० जानेवारी

शिल्पा,

मागच्या पत्राचीही पोचपावती आली. तू वाचतेस, सही करतेस आणि गप्प बसतेस. ठीक आहे. तुला खरं सांग खरं सांग म्हणून मी इतकी बडबडतेय, तर आधी माझं ऐक.

चिंधी तू सोडली नाहीस. मी सोडली.

तुला ते माहीत आहेच. हायवेला लागल्यावर चहाला थांबलो होतो. तू तपेलं तुझ्या गाडीच्या बॉनेटवर ठेवलंस, फोन काढला आणि तोंड वाकडं केलंस, "काय ती घाणेरडी चिंधी, सगळा फोटो खराब करते." मी म्हटलं, "थांब," आणि गाठ सोडली. फोटो झाला की परत बांधू, असं मनात होतं. चहा आला, तू काहीतरी विनोद केलास, आपण हसलो. मी चिंधी पर्समध्ये टाकली आणि विसरले. विसरले असं मी स्वतःला सांगते. खरं तर धुळ्याला उतरताना आठवली होती. वाटलं, कशाला आता फोन करून सांगायचं, फुलंच तर ठेवणार आहे. तुला पुन्हा त्या चिंधीचं बोललं असतं तर तू म्हणाली असतीस, "दीपे, तू ना अगदी म्हातारी झालीस." ते ऐकायचं नव्हतं मला. एवढ्याशा कारणासाठी.

आणखी एक खोटं. पहिल्या पत्रात मी फार आव आणला, की मला लगेच तुझा राग आला वगैरे. राग आला हे खरं. पण व्हिडिओ आल्यावर दोन दिवसांनी जमीलाचाचीचा फोन आला होता. ती रडत होती. विचारत होती, "दीपू, तुम्ही दोघी होतात ना? काय झालं?" आणि मी काय म्हटलं माहीत आहे? "चाची, मला काही माहीत नाही. मी नव्हते तिथं." मळ्यावर नव्हते, म्हणून ते खोटं नाही, अशी स्वतःची समजूत घातली. नऊ दिवस गप्प होते मी. तुला वाचवायला, आणि पर्समधल्या त्या चिंधीमुळे. मग तू मला ब्लॉक केलंस, तेव्हा माझी वाचा फुटली. हे असं आहे.

म्हणून चाचीनं चहा विचारला नाही. मी तुला लिहिलं मात्र असं, की जणू काही ते तुझ्यामुळेच.

आता ठरवलं आहे. शनिवारी मी तपेलं घेऊन सोनगीरला जाते. चाचा भट्टी पेटवायला तयार नव्हते, मी फोनवर फार गयावया केली. ते त्या तपेल्याला कल्हई करतील. त्यात संध्याकाळी मठ्ठा घालून ठेवायचा, रात्रभर, आणि रविवारी ४ फेब्रुवारीला सकाळी अकरा वाजता पिंपळाच्या पारापाशी, सगळ्यांसमोर, तो प्यायचा. आधी मी उभी राहून सांगणार, कल्हई का नव्हती आणि चिंधी कोणी सोडली.

तुझं नाव मी घेणार. ते टाळता येणार नाही. पण तू तिथं असलीस तर मी थांबेन आणि तुला बोलू देईन. तू फक्त एवढं म्हण, की चाचांनी नाही म्हटलं होतं. बाकी काही बोलू नकोस हवं तर.

दोन पेले ठेवणार आहे. एक माझा, एक तुझा. जळगावहून सकाळी सातला निघालीस तरी आरामात पोचशील.

ये गं.

दीपा


सोनगीर
रविवार, ४ फेब्रुवारी, संध्याकाळ

शिल्पा,

पोचपावती मला शुक्रवारीच मिळाली होती. सही तुझी. म्हणजे तुला दिवस माहीत होता, वेळ माहीत होती.

काल चाचांनी भट्टी पेटवली. आधी भात्यावरचं गोणपाट झटकून घडी घातलं. तुझा हिरवा डाग घासून काढायला तास गेला. मग नवसागर, धूर, कथील, बोळा. आईला मी रिक्षानं नेलं होतं, ऐकतच नव्हती. तपेलं पाण्यात बुडवलं, छस्स झालं, आणि आईनं आत डोकावून पाहिलं. म्हणाली, "आते मन्हं तपेलं शे हाई."

आज अकराला तीस-चाळीस माणसं जमली. चहावाले जीवरामभाऊ फोन घेऊन उभे होते, मीच त्यांना सांगितलं होतं, सगळं काढा, मध्ये थांबवू नका. मी पारावर उभी राहिले. शाळेत एवढी वर्षं परिपत्रकं वाचून दाखवते, पण आज लगेच सुरुवात केली नाही. तुझी गाडी येते का म्हणून रस्त्याकडे बघत होते. अकरा वाजून दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मग बोलले.

सगळं सांगितलं. तुझा हट्ट, माझी मध्यस्थी, चाचांचा नकार. पर्समधून चिंधी काढून दाखवली. "ही मी सोडली. कोणी विचारलं तेव्हा मला माहीत नाही म्हणाले, तेही मीच." जमीलाचाची दुकानाच्या दारात उभी होती. तिनं फक्त एवढंच म्हटलं, "तू बी, दीपू?"

मी चिंधी परत पर्समध्ये ठेवली.

मग मी तपेल्यातून पेला भरला आणि प्यायले. रात्रभर ठेवलेला मठ्ठा, थंडगार, जिऱ्याचा वास, थोडा जास्तच आंबट. लोक माझ्या तोंडाकडे बघत होते, आता ही ओकते की नंतर. मी पारावर बसून राहिले. अर्ध्या तासानं जीवरामभाऊंनी स्वतःचा कप पुढे केला. मग एका म्हाताऱ्या बाबांनी. मग आणखी दोघांनी. दुपारी एकच्या सुमाराला एक बाई डोक्यावर परात घेऊन आली, चाचांपुढे ठेवली आणि गेली. एकच परात. बाकीचे कधी येतील, येतील की नाही, ते मला माहीत नाही. तुझा व्हिडिओ हजारोंनी पाहिला, जीवरामभाऊंचा किती पाहतील?

दुसरा पेला मी भरून पारावर ठेवला होता. माश्या बसायला लागल्या तेव्हा चाचा उठले आणि त्यावर ताटली झाकली. मी म्हटलं, "राहू द्या चाचा, ओतून टाका." ते म्हणाले, "येईल. जळगाव काय जवळ आहे?" कोणीतरी तो पेला उचलायला गेलं तर त्यांनी हात धरला. "तो पोरीचा आहे." तुझा, शिल्पा. तुझ्यासाठी राखून ठेवत होते ते. मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हते. हायवेवरून गाडी वळल्याचा आवाज आला की मान वर करायचे. तीन वाजेपर्यंत तसे बसले होते.

तीनला त्यांनी ताटली बाजूला केली आणि तुझा मठ्ठा स्वतः पिऊन टाकला. अन्न होतं, वाया कसं घालवायचं. पेला विसळला आणि फळीवर पालथा घातला.

मी निघायची आवराआवर करत होते तेव्हा त्यांनी माझ्याकडून चिंधी मागून घेतली. धुवायची म्हणून मी घरी नेणार होते, तर म्हणाले नको, कामाची आहे. परातीच्या बाजूला एक नवा, बिनकल्हईचा हंडा होता, त्याच्या कानाला बांधून टाकली. चाचीनं चहा केला. माझ्या कपात आलं नव्हतं. मी तसाच प्यायले.

मला वाटलं होतं आज तुझ्यावर खूप ओरडेन. आता बसले आहे तर ओरडण्यासारखं काही उरलेलं नाही. तू घरात बसून काय करत होतीस अकरा वाजता, एवढंच डोक्यात येतं. फोन हातात होता का? घड्याळाकडे बघत होतीस का? बघत असशील तर बरं वाटेल मला. नसशील तर मग ते तीन महिने खिडकीबाहेर मी नक्की कोणासाठी बसत होते?

पुढच्या शनिवारी मी आईला घेऊन किल्ल्याच्या पायथ्याशी जाणार आहे. ती चढू शकत नाही, पण वारा खालपर्यंत येतो.

हे पत्र साध्या तिकिटावर टाकते आहे. याला पोचपावती जोडलेली नाही.

दिपमाला